घेतले, की घेतले म्हणे?

2018 च्या हिवाळ्यात मी तीन महिने अंकाऱ्याला मुलीकडे राहिलो. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला रिकामे बसवत नाही, म्हणून तुर्की शिकू लागलो. वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाई माझ्या गुरू झाल्या. सारी इमारत त्यांना 'तेय्झे' म्हणत असे. तेय्झे म्हणजे मावशी, आईची बहीण. आत्याला वेगळा शब्द आहे, 'हाला'. परक्या वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणण्याची रीत तिथेही आहे हे कळले आणि माझे निम्मे परकेपण गेले.

पहिल्याच भेटीत त्यांनी लहान पेल्यात बिनदुधाचा चहा दिला आणि कसा झालाय म्हणून विचारले. मी पाठ केलेले दोन शब्द जोडले : "चाय आजी." तुर्कीत 'आजी' म्हणजे कडू, आपल्या आज्यांनी क्षमा करावी. मुलगी ओशाळून हसली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, असं एकदम नाही बोलायचं. आधी 'बेंजे' म्हणायचं." 'बेन' म्हणजे मी, त्याला 'जे' जोडले की झाले 'माझ्या मते'. त्याहून बरे म्हणजे, "मी चहा 'आचीक' घेतो," असे सांगावे. आचीक म्हणजे उघडा. चहाच्या बाबतीत फिका.

मी विचार करू लागलो. पहिल्या वाक्यात मी चहाचा निकाल लावला होता. दुसऱ्यात मी फक्त माझ्या जिभेबद्दल बोललो असतो. तिसऱ्यात मला हवे ते मिळाले असते आणि चहाला कोणी नावेही ठेवली नसती. तरी मनात एक खडा राहिलाच. मी सीमाभागातला माणूस. टेबलावर मूठ आपटून बोलणाऱ्यांत वाढलो. 'माझ्या मते' म्हणजे आम्हाला कचखाऊपणा वाटे. खरे ते खरे, त्याला मखमल कशाला?

तेय्झेंच्या बोलण्यात अशी मखमल पुष्कळ होती, आणि तिचे धागे ओळखीचे निघाले. तुर्कांनी 1928 साली लिपी बदलली. 1932 साली स्थापन झालेल्या भाषामंडळाने अरबी-फारसी शब्दांना वाट दाखवली. तरी कित्येक शब्द टिकले, आणि तेच आपल्याकडेही नांदताहेत. मत मांडण्याआधी त्या म्हणत, 'हाद्दिम ओल्मायाराक', म्हणजे माझी ती हद्द नसताना बोलते. टोचणारे बोलायचे तर 'कुसूरा बाक्मायीन', कसुराकडे पाहू नका. समोरच्याचे म्हणणे खोडायचे तर आधी 'हाक्लीसीनीझ', हक्क तुमच्या बाजूला आहे, आणि मग 'आमा', म्हणजे पण. त्यांच्याकडे 'फिकिर' म्हणजे विचार, मत. आपल्याकडे त्याच शब्दाची काळजी झाली.

एका संध्याकाळी इमारतीची बैठक होती. मीही मुलीबरोबर जाऊन बसलो. विषय होता कापीजीचा. कापीजी म्हणजे इमारतीचा राखणदार. सकाळी दारोदार पाव पोचवणारा, बहुधा तळघरात राहणारा. तळमजल्यावरून कोणाची तरी सायकल गेली होती, आणि एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की ती त्यानेच घेतली. तेय्झेंनी हात वर केला आणि हळू आवाजात विचारले, "आल्दी मी, आल्मिश मी?"

बैठक गप्प झाली. मुलीने कानात अर्थ सांगितला. तुर्कीत भूतकाळाची दोन रूपे आहेत. 'आल्दी' म्हणजे घेतले, मी ठामपणे सांगतो. 'आल्मिश' म्हणजे घेतले म्हणे, किंवा घेतलेले दिसते. मी पाहिले नाही, ऐकले, नाहीतर खुणांवरून ताडले. घडलेली गोष्ट सांगताना यांतले एक निवडावेच लागते. ते गृहस्थ घुटमळले आणि म्हणाले, "आल्मिश." त्यावर तेय्झे म्हणाल्या, "कुसूरा बाक्मायीन, पण माझ्या मते हा अन्याय आहे." त्या एका वाक्यात 'बेंजे' होते, कसूरही होता, पण कच नव्हती. त्या दिवसापुरता विषय तिथेच मिटला.

मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. 1987 साली आमच्या शाळेत परीक्षा-फीच्या रकमेत तीनशे रुपये कमी भरले. शिक्षकांच्या सभेत मी उठून म्हणालो, "शिपायानेच घेतले." मला ते कोणीतरी सांगितले होते, एवढेच. माझ्या शब्दाला वजन होते, शिपाई गेला. दोन महिन्यांनी ती रक्कम दुसऱ्याच पावतीपुस्तकात सापडली. त्याच्या गावी जाऊन त्याला तसे सांगायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. मीही नाही.

आपल्याकडे असा शब्द नाही असे थोडेच आहे? मराठीत 'म्हणे' आहे. बाजारात आपण रोज 'बंदानंत' ऐकतो, आला म्हणे. दोन्ही भाषा माझ्या तोंडी होत्या, आणि नेमका त्या दिवशी एकही शब्द कामी आला नाही. आपला 'म्हणे' ऐच्छिक आहे; रागात पहिला तोच गळतो. अर्थात 'म्हणे' जोडून कंड्या पिकवणारेही आहेत, आणि 'आपलं माझं मत हं' म्हणून गळा कापणारेही. व्याकरण कोणाला सज्जन करत नाही. पण सभ्य बोलणे म्हणजे गुळाचा लेप, ही माझी समजूत गेली. 'बेंजे' सांगते की हे मत कोणाचे. 'मिश' सांगते की ते कुठून आले. मालकी आणि उगम, एवढे दोन्ही प्रामाणिकपणे सांगितले की निम्मे सभ्य बोलणे तिथेच साधते. ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायला जागा उरते, आणि ज्याच्याविषयी बोललो त्याला जगायला.

निघण्यापूर्वी मी मोडक्यातोडक्या तुर्कीत, मुलीच्या मदतीने, तेय्झेंना ही हकीकत सांगितली. शेवटी म्हणालो, "हाक्सीझ्लीक एत्तिम", मी अन्याय केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच दुरुस्ती केली : "एत्मिशिम." स्वतःच्या करणीला 'मिश' लावले की अर्थ होतो, माझ्या हातून नकळत घडले, आता ध्यानात येते आहे. ती दुरुस्ती व्याकरणाची नव्हती. माझ्या खांद्यावर त्यांनी ठेवलेला तो हात होता.

मी आभार मानले, पण ते रूप घेतले नाही. अन्याय झाला हे नंतर कळले, खरे. पण मी पाहिले नव्हते, हे मला त्या सभेतही ठाऊक होते. सौम्य रूपे दुसऱ्यासाठी राखून ठेवावीत. स्वतःचा हिशेब मांडताना 'एत्तिम' म्हणावे.