प्रतवारी करणाऱ्यानेच प्रतवारी तपासावी काय?

द्राक्षनिर्यातीच्या हंगामात पिंपळगाव बसवंत परिसरातील पॅकहाउसमध्ये, म्हणजे घड निवडून, साफ करून पेट्यांत भरण्याच्या केंद्रात, वादाचा मुख्य विषय प्रतवारी हाच असतो. मण्याचा आकार, साखर किंवा डाग यांत माल उतरला नाही की तो स्थानिक बाजाराला किंवा बेदाण्याला जातो आणि भावातील फरक बागायतदाराला सोसावा लागतो. अशा केंद्राच्या व्यवस्थापकाने नोकरी सांभाळून घेतलेल्या पदवीसाठी ‘माल का नाकारला जातो?’ हाच विषय निवडला, तर मार्गदर्शक प्राध्यापकांशी त्याचा जो संवाद होईल, तो कल्पून पाहण्याजोगा आहे.

“सर, बाहेरच्या संशोधकाला नोंदवही दाखवता येईल,” व्यवस्थापक म्हणतो, “पण कंटेनर लागला की घाईत हात कसे चालतात, हे त्याला कोण सांगणार?” प्राध्यापकांना हे मान्य आहे; काम करणाऱ्यानेच आपल्या कामाचा अभ्यास करून ते सुधारावे, या कृतिसंशोधनाच्या पद्धतीला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 च्या लेखातच प्रतिष्ठा दिली होती. पण व्यवस्थापकच संशोधक झाला की हितसंबंधांचा संघर्ष उभा राहतो. हा संघर्ष, म्हणजे निष्कर्षातच शोधणाऱ्याचा लाभ किंवा तोटा गुंतलेला असणे, लोक आकड्यांच्या फेरफारात शोधतात. प्राध्यापकांना तो त्याआधी, प्रश्नातच दिसतो, कारण ‘माल का नाकारला जातो’ असे विचारताना नाकारणारा हात बरोबर होता, हे गृहीतच धरलेले असते.

“2010 आठवा,” ते म्हणतात. त्या वर्षी क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. एकही अहवाल खोटा असण्याची गरज नव्हती. जे यादीतच नाही, ते सापडणार कसे?

मग प्रश्न बागायतदारांनीच ठरवावा काय? त्यांचाही स्वार्थ आहे, हे व्यवस्थापक लगेच दाखवून देतो, आणि ते खरेही आहे. परंतु दोन स्वार्थ समान बळाचे नाहीत, कारण मुलाखतीच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्याला उद्याही याच फाटकावर गाडी आणायची असते, आणि अशी संमती कितपत मोकळी असते, हे कागदावरून कळत नाही.

प्राध्यापक उपाय सुचवतात: नाकारलेल्या मालातील काही पेट्या, बागेचे नाव झाकून, दुसऱ्या अनुभवी माणसाकडून पुन्हा तपासून घ्याव्यात, आणि निष्कर्ष संचालक मंडळ व बागायतदार यांना एकाच दिवशी द्यावा, हे तपासणीपूर्वीच लिहून ठेवावे. पहिली अट सोपी आहे. दुसऱ्या अटीवर परवानगी मिळणार नाही, हे व्यवस्थापक जाणतो, कारण प्रतवारी कडक ठरली तर मागच्या हंगामाचा फरक मागितला जाईल. विषय बदलला तर प्रश्न अनुत्तरित राहील, आणि सल्लागार संस्था नेमली तरी तिचे शुल्क कंपनीच भरणार असल्याने गुंता फक्त जागा बदलेल.

परवानगी नाकारली गेली तर तो नकारच प्रबंधात नोंदवावा, असे प्राध्यापक म्हणतात. पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष आहे, आणि त्यामुळेच थोडे सोयीचेही. “आणि सर, ते पान छापल्यावर पुढच्या हंगामात नोकरी राहील?” व्यवस्थापक विचारतो. प्राध्यापकांकडे याचे उत्तर नसते.