हस्ते : पालक (गीता, अध्याय १७, श्लोक २०)



रोजच्या क्रमात आज सतराव्या अध्यायाचा विसावा श्लोक आला. भगवंत इथे सात्त्विक दानाची खूण सांगतात. देणं हे आपलं कर्तव्यच आहे या भावनेने, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि जो आपल्याला उलट काही देऊ शकणार नाही अशाला दिलेलं, ते सात्त्विक. पुढच्या दोन श्लोकांत उरलेले दोन प्रकार येतात. परतफेडीची किंवा फळाची आशा धरून, किंवा मनात कुरकुरत दिलं की ते राजस. घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलं की ते तामस.

येत्या रविवारी आमच्या आजोबांचं वर्षश्राद्ध आहे, म्हणून हा श्लोक आज मला जरा जास्तच लागला. आजोबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते जेसल पार्कला आमच्याकडे राहायला आले आणि रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात वॉचमनच्या, मजुरांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांना गणित शिकवू लागले. परवा चौपाटीवर एक मुलगा भेटला, आता नोकरी करतो. त्याने विचारलं, "सर कसे आहेत?" त्याला माहीतच नव्हतं.

तर त्यांच्या आठवणीसाठी काय करायचं, यावर घरात बोलणं चालू आहे. काकांना वाटतं, मुलांना वह्या वाटाव्यात, कव्हरवर आजोबांचा फोटो असावा. यात चुकीचं काय? बाप गेल्यावर त्याचं नाव कुठेतरी दिसावं, असं वाटणारच. मलाही वाटतं. पण मग आजचा श्लोक विचारतो : ही परतफेडीची आशाच नव्हे का?

उत्तर मला आजोबांच्या कपाटात मिळालं. बँकेच्या पासबुकात शाळेच्या फीच्या जुन्या पावत्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. पैसे आजोबांच्या पेन्शनचे. पावतीवर मुलाचं नाव, आणि 'हस्ते'च्या पुढे लिहिलंय : पालक. आम्ही सॉफ्टवेअरवाले, कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद ठेवतो. या माणसाने भरलेल्या फीवर आपली नोंदच होऊ दिली नाही. मुलाच्या मनात बापाची मान वर राहावी, म्हणून.

हे ते कुठे शिकले, याचा अंदाज मला आहे. आजोबा साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमध्ये वाढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या, पण या मुलांच्या त्या आई झाल्या. दागिने एकेक करून बोर्डिंगसाठी गेले. एकदा धान्य संपलं, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आजोबांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दरवेळी बसायचा.

श्लोकातल्या खुणा इथे लावून बघा. वेळ : मुलं उपाशी होती तीच. माणसं : उलट काहीही देऊ न शकणारी. आणि भावना : आईला वाढावंच लागतं, एवढीच. त्या जेवणावर लक्ष्मीबाईंचं नाव नव्हतं.

कोणी म्हणेल, आज सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचं नाव आहेच की! आहे, आणि असावंच. पण ते त्यांनी मागितलेलं नाही, मागच्यांनी कृतज्ञतेने दिलंय. देणाऱ्याने स्वतः लावलेलं नाव घेणाऱ्याला ओझं होतं. घेणाऱ्याने जपलेलं नाव म्हणजे स्मरण. आजोबांकडून घेणारे आपण आहोत, म्हणून त्यांचा फोटो आपल्या घरात हवा. वहीवर मात्र त्या मुलाचं स्वतःचं नाव असू दे.

काकांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. फीचं मात्र ठरलंय. यंदाही ती भरायची आणि 'हस्ते'च्या पुढे तोच शब्द लिहायचा. शनिवारचा गणिताचा वर्ग मी घेणार आहे.

आजचा संकल्प : आपल्या गेलेल्या माणसाचं एखादं अर्धं राहिलेलं काम शोधूया, आणि त्यातलं थोडं या आठवड्यात, गाजावाजा न करता, पुढे नेऊया.

पांडुरंगा, हात दिलेस, आता ते मोजायचं विसरू दे.

रामकृष्णहरी.