माया ठेवून बेतावे

पुरुषाचा शर्ट पहिल्यांदा शिवायला घेतला की आपल्याला कळते, माप नेमके हवे. पण छाती 38 इंच भरली म्हणून आपण शर्ट 38चा बेतत नाही. श्वास घ्यायला, हात उचलायला चारेक इंच सैल ठेवतो. शिवाय शिवणीच्या आत थोडे कापड सोडतो. मराठीत त्याला 'माया' म्हणतात.

1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे स्त्रिया शिवणही शिकल्या. त्याच्या कितीतरी आधी यापो गावची टबीथा विधवांसाठी अंगरखे करीत असे. ती वारल्यावर त्यांनी रडत रडत ते पेत्राला दाखवले (प्रेषितांची कृत्ये 9:39). अंगाला बसणारा कपडा ही कोणीतरी आपल्याला नीट पाहिल्याची खूण असते.

मग माणसांना मापताना आपण माया सोडतो का? मुलाला, सुनेला आपण आजच्याच मापात बेतून मोकळे होतो. माणूस मात्र वाढतो, बदलतो. माया नसलेली शिवण उसवली तरी कपडा मोठा होत नाही.

अर्थात फार ढगळ शर्टही शोभत नाही. दिसणारी चूक न सांगणे ही माया नव्हे. माप खरेच घेऊ या. पण निवाडा करताना अर्धा इंच आत राखून ठेवू या.