दारू आणि अंगातले लोह

उपासक-उपासिकांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. आज ती शरीराच्या बाजूने पाहू.

अन्नातले लोह किती घ्यायचे, यावर यकृत हेपसिडिन नावाच्या द्रव्याने लगाम ठेवते. दिवसाला १-२ मिलिग्रॅम पुरते. रोजच्या दारूने हा लगाम सैल होतो, आतडे जादा लोह शोषते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. यकृतात साठून ते त्याचीच नासाडी करते. कुणी म्हणतात, दारूने रक्त वाढते! अहो, पोटात रक्तस्राव झाला की पिणाराच पांढराफटक पडतो.

आणि डाळ-पालेभाजीचे पैसे गुत्त्यात गेले, तर घरच्या बाईच्या अंगात लोह येणार कोठून? तिची खालची पापणी जरा ओढून पाहा. आत लाली आहे का?