फाऊल कोणी सांगायचा?

सामान्य काळातील सहावा रविवार
शुभवर्तमान: मत्तय ५:१७-३७



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक पालक मला भेटायला आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक शिट्टी ठेवली. नवीकोरी, दोरीसकट. म्हणाले, "फादर, रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आपली मुले बास्केटबॉल खेळतात, तिथे एखादा रेफ्री नेमा. नाहीतर खेळ तरी बंद करा. दर रविवारी भांडण नको."

काय घडले ते पुष्कळांना ठाऊक आहे. एका मुलाने बास्केटसाठी उडी मारली, दुसऱ्याने अडवले. पहिला म्हणाला, "फाऊल." दुसरा म्हणाला, "हात लागलाच नाही." शब्दाने शब्द वाढला. बॉल कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेला आणि खेळ मोडला. मुलांचा अबोला आठ दिवसांत सुटला असता. मुलांचे तसेच असते. पण तो घरापर्यंत गेला. गेल्या रविवारी मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली तेव्हा पुढच्यामागच्या बाकांवरची दोन कुटुंबे एकमेकांकडे पाठ करून उभी होती. मी वेदीवरून पाहिले. वेदीवरून सगळे दिसते, हे तुम्ही विसरता. कृपया नावे विचारू नका, आणि ज्यांना ठाऊक आहेत त्यांनीही ती जरा विसरावीत.

ही शिट्टी पाहून मला माझीच एक गोष्ट आठवली. ती सांगण्याआधी या खेळाविषयी थोडे बोलतो, कारण आपल्यातील आजीआजोबांना मैदानावर पोरे नेमके काय करतात ते कळत नाही.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या गृहस्थाने शोधून काढला. कॅनडात १८६१ साली जन्मलेला हा माणूस प्रेस्बिटेरियन पंथाचा. माँट्रियल येथे त्याने ईश्वरशास्त्राचे शिक्षण घेतले होते, पण प्रवचनपीठापेक्षा व्यायामशाळेत आपण तरुणांचे जास्त भले करू असे त्याला वाटले. (धर्मगुरूंनी मुलांच्या खेळात वेळ का घालवावा असे विचारणाऱ्यांसाठी हे सांगितले.) डिसेंबर १८९१ मध्ये तो अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत शिकवीत होता. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि वर्गात अठरा दांडगट विद्यार्थी होते. आधीच्या दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. प्रमुखांनी नेस्मिथला दोन आठवडे दिले: आत खेळता येईल आणि हाडे मोडणार नाहीत असा खेळ शोध.

त्याने सज्जाला, जमिनीपासून दहा फुटांवर, पीच या फळाच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून सूचनाफलकावर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपली उंचावर आणि तोंड वर करून ठेवण्यात त्याचा एक विचार होता. जमिनीवरच्या गोलात बॉल जोराने मारता येतो. वरच्या टोपलीत जोर लावून काही होत नाही. बॉल हलकेच, कमानीतून सोडावा लागतो. जो बळाने घुसतो त्याला बळाचा उपयोगच होऊ नये, अशी ही रचना. खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे हे सारे पहिल्याच नियमावलीत निषिद्ध होते. तरीही हाणामारी टळली नाही. १९३९ साली एका रेडिओ मुलाखतीत नेस्मिथनेच सांगितले की पहिल्या प्रयोगात पोरे एकमेकांवर तुटून पडली आणि काहींचे डोळे काळेनिळे झाले. तेव्हा आपल्या मैदानाची फार लाज वाटून घेऊ नका. त्या अठरा जणांपैकी पॅटन नावाचा एकजण पुढे वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी भारतात आला आणि हा खेळ इकडे घेऊन आला.

नेस्मिथच्या नियमांत पंच होते. पण जगभर रोज संध्याकाळी मित्र-मित्र जो खेळ खेळतात त्यात पंच नसतो. आपली मुले खेळतात तोही असाच. एकच रिंग, तीन विरुद्ध तीन, अकरा गुण आधी करील तो संघ मैदानावर राहतो आणि हरलेले बाकावर जातात. (आता तीन-तीनचा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला आहे, २०२१ साली टोकियोत तो पहिल्यांदा झाला. तिथे अर्थात पंच असतात.) मित्रांच्या खेळात ज्याला लागते तो "फाऊल" म्हणतो आणि बाकीचे ऐकतात. किंवा ज्याने मारले तो स्वतःच हात वर करतो. तिसरी वाट नाही. बॉल डोक्यावर असताना मनगटावर बसलेली टपली लांबून कोणालाच दिसत नाही. ती दोघांनाच ठाऊक असते: ज्याला बसली त्याला आणि ज्याने मारली त्याला.

आता माझी गोष्ट. साल १९८४. माझ्या गावी शाळेमागे मातीचे मैदान होते, चुन्याने आखलेले, आणि जाळी नसलेली एक रिंग. आम्ही सहा-सात मित्र रोज संध्याकाळी खेळायचो, आंजेलूसची घंटा होईपर्यंत. त्या वर्षी जूनमध्ये मी सेमिनरीत जाणार होतो आणि गावाला ते माहीत होते. एके दिवशी दोन्हीकडे दहा-दहा गुण झाले. माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने शेवटचा बॉल रिंगकडे टाकला आणि मी उडी मारून त्याला अडवले. माझा पंजा आधी त्याच्या मनगटावर बसला, मग बॉलवर. तो म्हणाला, "फाऊल."

या खेळात एक नियम आहे. बॉलवर असलेला पंजा हा बॉलचाच भाग मानतात. त्याला हात लागला तर फाऊल नाही. पंजा, मनगट नव्हे. मी म्हणालो, "मी बॉललाच हात लावला."

बंधुभगिनींनो, हे वाक्य खोटे नव्हते. बॉलला हात लागलाच होता. आजच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू येशू शपथांविषयी बोलतो आणि सांगतो की तुमचे होय ते होयच असू द्या आणि नाही ते नाहीच. त्यापलीकडचे सगळे त्या दुष्टाकडून येते. कितीतरी वर्षे मला वाटे की हे शब्द कोर्टात शपथ घेणाऱ्यांसाठी आहेत. मनगटापासून पंजापर्यंत चार बोटांचे अंतर. माझे "नाही" त्या चार बोटांत लपून बसले होते.

मित्र चिडला, ओरडला, रडायच्या बेताला आला. मग आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, तो फादर होणार आहे, तो कशाला खोटं बोलेल?" तिथे सगळे संपले. माझ्या अजून न मिळालेल्या झग्याने माझ्या बाजूने साक्ष दिली आणि मी गप्प उभा राहिलो. "रडीचा डाव, रडीचा डाव" असा पोरांनी गिल्ला केला. त्या संध्याकाळपासून त्याचे नाव रड्या पडले. महिनाभर तो खेळायला आला, मग यायचा थांबला. मी सेमिनरीत गेलो.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या खेळातली एवढीशी गोष्ट! मीही तसेच म्हणत होतो. गुरुदीक्षेच्या आधी साधनेच्या दिवसांत मी एका वृद्ध धर्मगुरूंकडे पापनिवेदन केले तेव्हा ही गोष्ट सगळ्यांत शेवटी, हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी पापक्षमा दिली आणि एवढेच विचारले, "देवाने क्षमा केली. पण त्या मुलाचे नाव त्याला कोण परत देणार?"

आजचे शुभवर्तमान पुन्हा एकदा घरी वाचा. अर्पण वेदीवर नेताना आठवण झाली तर काय करायचे ते प्रभू सांगतो. मी हा उतारा कितीदा तरी चुकीचा वाचला होता. मला वाटे, माझ्या मनात भावाविषयी राग असेल तर. प्रभू ते म्हणत नाही. तो म्हणतो, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. म्हणजे उठून जायचे ते ज्याच्या हातून लागले त्याने. ज्याला लागले त्याने येऊन दार ठोठवावे अशी वाट पाहायची नाही. आणि त्याच्याच थोडे आधी, भावाला वाईट नावाने हाक मारणाऱ्याविषयी प्रभू जे बोलतो ते इतके कडक आहे की वेदीवरून वाचताना माझा आवाज आजही खाली येतो.

मी मित्राच्या घरी गेलो. तो पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या दादरला नेत असे आणि दुपारी घरी असे. त्याच्या आईने चहा ठेवला. मी सांगितले, "त्या दिवशी फाऊल होता. मनगटावर मारलं होतं मी." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती मॅच कोण जिंकलं ते आठवत नाही मला. पण स्टेशनवर अजून रड्या म्हणून हाक मारतात. पोराला शाळेत रड्याचा पोरगा म्हणतात." आणि थोड्या वेळाने, "तुला दहा वर्षं लागली रे."

पुढच्या रविवारी त्याच मैदानावर जुन्या मित्रांना मी तेच सांगितले. एकजण हसला. एकजण म्हणाला, आता हे कशाला उकरून काढतोस? मित्र माझ्या गुरुदीक्षेला आला, आम्ही आजही भेटतो. पण खरे सांगायचे तर ते नाव त्याला आजही पुरते सुटलेले नाही. प्रायश्चित्त संस्कारात माझे पाप धुतले गेले, यावर माझी श्रद्धा आहे. स्टेशनवरच्या हाका मला पुसता आल्या नाहीत.

आपण दर रविवारी मिस्साच्या सुरुवातीला काय करतो? वाचनाआधी, प्रवचनाआधी, अर्पणाआधी आपण उभे राहून छातीवर हात मारतो आणि आपला अपराध कबूल करतो. आपल्याच छातीवर. शेजाऱ्याच्या छातीकडे बोट दाखवून कोणी ती प्रार्थना म्हणत नाही. तिथे शिट्टी वाजवणारा कोणी नाही. तुम्ही काय केले ते मला ठाऊक नाही, मी काय केले ते तुम्हांला ठाऊक नाही. तरी दोनशे-तीनशे माणसे एकदम हात उचलतात. मग बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात, सामाईक बांधावर, भावाभावांच्या वाटणीत, पतपेढीच्या सभेत, तोच हात खाली का राहतो? तिथे आपण म्हणतो, "त्याने सिद्ध करून दाखवावे." आणि रेफ्री मागतो. तलाठी, वकील, नाहीतर फादर.

खेळ म्हटला की संत पौलाची धावण्याची शर्यत सांगण्याची आपली रीत आहे. आज ती सांगत नाही. ती जिंकण्याविषयी आहे आणि आपल्या मैदानावर जिंकण्याची अडचण नाही.

शिट्टी आणणाऱ्या पालकांचा हेतू चांगला आहे, त्यांनी राग मानू नये. लहान मुलांच्या सामन्यांना रेफ्री हवाच, पुढील महिन्यातील शाळेच्या स्पर्धेला आपण नेमणारही आहोत. पण रविवारच्या संध्याकाळचा मित्रांचा खेळ मला तूर्त शिट्टीशिवायच राहू द्यावासा वाटतो. शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आज संध्याकाळी पाच वाजता मीही मैदानावर येणार आहे. गुडघे फारसे साथ देत नाहीत, म्हणून मला कोणीतरी उंच मुलांच्या बाजूने घ्यावे. त्या दोन मुलांना मी निरोप धाडला होता, त्यांच्या आईवडिलांनाही. एका घरून शुक्रवारीच होकार आला. दुसऱ्या घरून अजून उत्तर नाही. आंजेलूसच्या घंटेपर्यंत आम्ही तिथे आहोत.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू