होकार, नकार आणि 'हरकत नाही'

ठाणे, कल्याण व डोंबिवली या स्थानकांच्या आसपास इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या हल्ली जागोजाग दिसतात. त्या वर्गांतून विद्यार्थ्यांस जी टाचणे मिळतात, त्यांत मतैक्य व मतभेद दर्शविणाऱ्या वाक्प्रयोगांची यादी बहुधा असतेच. पूर्ण रुकार द्यावयाचा तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' म्हणावे. अर्धवट द्यावयाचा तर 'यू हॅव अ पॉइंट, बट' अशी सुरुवात करावी. आणि विरोधच करावयाचा झाल्यास 'विथ ड्यू रिस्पेक्ट' किंवा 'आय बेग टू डिफर' यांचा आधार घ्यावा, अशी ती पायऱ्यापायऱ्यांची योजना असते. तिचा उपहास करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. सकाळच्या लोकलने मुंबईच्या कचेरीत जाणाऱ्या तरुणास वरिष्ठाचे म्हणणे खोडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा हीच वाक्ये त्याच्या पाठीशी उभी राहतात. परंतु या यादीवरून जो प्रश्न उत्पन्न होतो, तो भाषेपेक्षा नीतीचा अधिक आहे. 'हो' म्हणताना मनुष्य नेमके काय देऊन टाकतो, आणि 'नाही' म्हणताना काय राखून ठेवतो?

मराठीत अशा शब्दांचा दुष्काळ आहे, म्हणून आम्हांस इंग्रजीकडे जावे लागते, असे काहींचे म्हणणे आहे. ते खरे नाही. संस्कृतातून आम्हांस संमती, मान्यता व अनुमोदन मिळाले. अरबीतून फारसीच्या वाटेने कबूल, मंजूर व हरकत आले. आणि घरचे म्हणावे असे होकार, रुकार, दुजोरा हे शब्द आहेतच. त्याखेरीज री ओढणे, मान डोलावणे, मम म्हणणे असे वाक्प्रचार आहेत, आणि त्यांत होकाराची केवढी चिकित्सा भरली आहे! गुरुजींनी संकल्प सांगावा आणि यजमानाने अर्थाची चौकशी न करता 'मम' म्हणावे, या एका विधीवरून भाषेने आंधळ्या संमतीला कायमचे नाव दिले. शास्त्रांकडे वळावे, तर न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी चाललेला तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडण्यासाठी चाललेली ती वितंडा, असा भेद फार पूर्वीच केला आहे. इतकेच नव्हे, तर पुढील विचारास वाट मिळावी म्हणून एखादी गोष्ट तूर्त गृहीत धरण्यास 'अभ्युपगमसिद्धांत' असे स्वतंत्र नावही दिले आहे. शब्दांची उणीव नाही. ते कोणत्या जागी वापरावेत, याचा विवेक मात्र दुर्मिळ झाला आहे.

इंग्रजीतील एका बारीक भेदाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. 'अ‍ॅग्री' हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याच्या पोटात 'मर्जीस येणे' एवढाच अर्थ आहे. परंतु पुढे इंग्रजांनी त्यास तीन अव्यये जोडली. 'अ‍ॅग्री विथ' म्हणजे दुसऱ्याचे मत पटणे. 'अ‍ॅग्री टू' म्हणजे एखादी सूचना मान्य करणे. 'अ‍ॅग्री ऑन' म्हणजे दोघांनी मिळून काही ठरविणे. शाळेत हा व्याकरणाचा नियम म्हणून घोकविला जातो, आणि परीक्षेत गाळलेली जागा भरली की त्याचे काम संपते. वस्तुतः सार्वजनिक जीवनाचा एक पायाच त्यात सांगितलेला आहे. पटणे हे बुद्धीचे काम, मान्य करणे हे इच्छेचे काम. पहिले आज्ञेने होत नाही. दुसरे न पटताही करता येते, आणि कित्येकदा करावे लागते.

मराठीतील 'पटणे' या क्रियापदात मात्र एक घोटाळा दडलेला आहे. तुमचा विचार मला पटत नाही, असे आम्ही म्हणतो. आणि त्या दोघा भावांचे पटत नाही, असेही आम्हीच म्हणतो. विचार जुळणे आणि माणसे जुळणे यांस एकच शब्द असल्यामुळे, विचार न जुळले की माणसेही तुटलीच असे आम्ही सहज धरून चालतो. टिळक आणि आगरकर यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १८८१ साली 'केसरी'च्या कार्यात एकत्र आलेल्या, कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेल्या या दोघा मित्रांत सामाजिक सुधारणेवरून फाटाफूट झाली. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढल्याच वर्षी 'सुधारक' काढला. मतभेद मतांपुरते राहिले नाहीत. संबंध कडवट झाले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने विवाहसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हाही दोघे विरुद्ध बाजूंस होते. त्या कायद्याच्या नावात 'संमती' हा शब्द होता खरा, परंतु बारा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीच्या संमतीची पतीला कायद्याने काहीच गरज ठेवली नव्हती. ज्या शब्दावर एवढे रणकंदन माजले, त्याचा अर्थ दोन्ही पक्षांच्या गदारोळात जवळजवळ हरवून गेला.

न पटणे आणि मान्य न करणे यांतील अंतर ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, असे पुरुष म्हणजे डॉ. आंबेडकर. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी मुंबई प्रांतात जी समिती नेमली गेली, तिचे ते सभासद होते. सहकाऱ्यांच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यांनी समिती मोडली नाही, बहिष्कार घातला नाही. जे पटले नाही ते कारणांसह कागदावर ठेवले. पुढे २४ सप्टेंबर १९३२ रोजी, गांधीजींचे येरवड्यात उपोषण चालू असताना, त्यांनी पुणे करारावर सही केली. ती मान्यता होती. पटल्याची ग्वाही नव्हती. १९४५ च्या ग्रंथात त्यांनी त्या कराराची व त्याच्या परिणामांची कठोर चिकित्सा केली. सहीने हात बांधला जातो, बुद्धी नव्हे. ही गोष्ट ज्यास कळली नाही तो अशा मनुष्यास वचनभंगाचा दोष देण्यास धावतो.

हा विचार थोरांच्या चरित्रापुरता नाही. ठाण्यात व डोंबिवलीत आज शेकडो जुन्या गृहसंस्थांच्या सभांत पुनर्विकासाचा प्रश्न आहे. शासनाच्या २००९ च्या आदेशात यासाठी तीन चतुर्थांश बहुमताची अपेक्षा होती. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ती ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर आणली. या बदलामागे सबळ कारण आहे. एकाच्या हट्टाने शंभरांनी धोक्यात राहावे, हे न्याय्य नाही. २०१५ च्या जुलै महिन्यात ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळून माणसे दगावली, हे या भागातील लोक विसरलेले नाहीत. परंतु सभेत काय घडते तेही पाहावे. तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध काकूंना भाड्याची, परत येण्याच्या मुदतीची, विकासकाच्या हमीची शंका असते. "सगळे हो म्हणताहेत, तुम्हीच काय ते अडवता?" असे कोणी म्हणते. काकू गप्प बसतात, किंवा "माझी काही हरकत नाही" म्हणतात. आणि इतिवृत्तात 'ठराव सर्वानुमते मंजूर' अशी ओळ उमटते. 'हरकत' हा शब्द मूळ अरबीत हालचालीचा वाचक. मराठीत तो अडथळ्याचा वाचक झाला, आणि 'ना हरकत' हे तर प्रमाणपत्रच बनले. अडथळा न करणे हीच संमती, असे एकदा ठरले म्हणजे शंका विचारणारा आपोआप अडथळा ठरतो.

मौन हे संमतीचे लक्षण, हे वचन आमच्यात फार लाडके आहे. वधूच्या मौनापासून सभेच्या मौनापर्यंत त्याने किती अन्याय झाकले असतील, याची गणती नाही. मौन हे पुष्कळदा थकव्याचे, भीतीचे किंवा भिडेचे लक्षण असते. उलट, उघड नोंदलेला मतभेद बहुमतास मारक नसतो. किंबहुना तो बहुमताचा निर्णय पाळण्यास अधिक बळ देतो. ज्याचे म्हणणे ऐकून, लिहून घेऊन मग बाजूस ठेवले गेले, तो मनुष्य निर्णयाबरोबर चालू शकतो. ज्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही, तो केवळ ओढला जातो.

यास्तव त्या टाचणांत आम्ही तीन साधी मराठी वाक्ये घालू इच्छितो: मला हे पटले. मला हे पटले नाही, तरी बहुमत म्हणून मान्य आहे. मला हे पटलेही नाही व मान्यही नाही, तसे लिहून घ्यावे. या तिहींपैकी कोणते आपले आहे, हे सभेत बोलून दाखविण्यास 'विथ ड्यू रिस्पेक्ट'ची आडकाठी नाही, आदर असावाच. परंतु त्या आदराआड स्वतःचे मत लपवू नये, आणि शेजाऱ्याचे वाक्य यांपैकी कोणते, हे त्याला न विचारता सर्वानुमते असे लिहू नये.