हाक न मारणारा धर्म

सोळाव्या वर्षी मी धर्म बदलण्याचा निश्चय केला होता. निश्चय हा शब्द आज जरा मोठा वाटतो. पण त्या वयात मनाच्या प्रत्येक चिडीला माणूस निश्चयच म्हणतो. साल १९६०. आजीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आणि त्या खोळंब्यात दक्षिणेवरून भटजी व माझे चुलते यांची जी बोलाचाली झाली ती ऐकून मी समुद्राकाठून घरी न जाता तडक अलिबागच्या इस्रायल आळीत गेलो. आमचे बिऱ्हाड त्या आळीच्या तोंडाशीच होते. शुक्रवारी तिन्हीसांजेला तिथे दिवे लागत, शनिवारी आळी कशी शांत असे, आणि त्यांच्या मशिदीत (सिनॅगॉगला ती मंडळी मशीदच म्हणत) मूर्ती म्हणून काही नसे, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. देवळात देव नाही, ही कल्पना त्या दिवशी मला विलक्षण स्वच्छ वाटली.

आम्हांला शाळेत गणित शिकवणारे मास्तर त्या आळीत राहत. घरी मलिदा होता म्हणून ते ओसरीवर पोहे निवडत बसले होते. मी एका दमात सांगून टाकले, "मास्तर, मला तुमच्या धर्मात यायचे आहे." त्यांनी मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कशाला?"

तेवढेच. मला उत्तर सुचेना. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आलाच आहेस तर आत जाऊन नारळ खवून दे. बाईंचा हात दुखतोय." मी नारळ खवला, मलिदा खाल्ला आणि घरी गेलो. निश्चय तिथेच संपला. पण त्या "कशाला"ने जो अपमान वाटला, तो बरीच वर्षे गेला नाही. गावात मिशनची माणसे येत, तेव्हा ती हातात पुस्तक देत, पाठीवरून हात फिरवीत. त्यांना मी हवा होतो. मास्तरांना मी नको होतो, असा मी अर्थ केला.

पुढे कॉलेजात असताना हाच प्रसंग मला एकदम थोर वाटू लागला. ज्यू धर्माचे म्हणणे असे की, सद्गतीसाठी कोणीही ज्यू होण्याची गरज नाही. नोहाच्या वंशजांना, म्हणजे अवघ्या मानवजातीला, सात नियम सांगितलेले आहेत. खून, चोरी, व्यभिचार टाळावा, जिवंत प्राण्याचे मांस तोडून खाऊ नये, न्यायाची व्यवस्था ठेवावी, असे. ते पाळणाऱ्या परक्या सज्जनालाही परलोकात वाटा आहे. तोराहच्या सहाशे तेरा आज्ञांचे ओझे ज्याने त्याने उगाच का उचलावे? १७६९ साली झुरिकच्या लाव्हाटर नावाच्या पाद्र्याने मोझेस मेंडेल्सझोन या बर्लिनच्या तत्त्वज्ञाला उघड आव्हान दिले की, ख्रिस्ती धर्माच्या बाजूचे पुरावे खोडून काढ, नाहीतर ख्रिस्ती हो. मेंडेल्सझोनने आपल्या उत्तरात म्हटले की, माझ्या काळात कन्फ्यूशियस किंवा सोलोन असता तर मी त्याच्यावर प्रेम केले असते, पण त्याला माझ्या धर्मात ओढावे असा हास्यास्पद विचार माझ्या मनात आला नसता. हे वाचून मी मास्तरांना मनोमन नमस्कार केला.

मात्र त्या सात नियमांतला एक मी वर सोयीस्करपणे गाळला आहे. मूर्तिपूजा करू नये, हाही त्यांतलाच. म्हणजे रोज सकाळी देव पुसणारी माझी आई तिथेच अडकते! उदारपणाच्या अंगणालाही कुंपण असते, ते बाहेरून दिसत नाही इतकेच.

हा धर्म पहिल्यापासून असाच होता, हीही एक गोड समजूत आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १२५ च्या सुमारास योहानान हिर्कानस या ज्यू राज्यकर्त्याने इदुमी लोक जिंकले आणि त्यांना सुंता करून ज्यू व्हा किंवा देश सोडा असे सांगितले. त्याच इदुमींच्या वंशात पुढे हेरोद राजा झाला, आणि आपल्या पूर्वजांनी सक्तीने धर्मात आणलेल्या घराण्याचे राज्य ज्यूंना सोसावे लागले. रोमन साम्राज्यात पुष्कळ परके लोक सिनॅगॉगच्या आसपास घुटमळत, काही आतही येत. मग कायदे आले. साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर दुसऱ्याला ज्यू करून घेणे हा गुन्हा ठरला. इस्लामी राज्यांत मुसलमानाने धर्म सोडणे म्हणजे देहदंड. १२२२ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला एका ख्रिस्ती धर्मसेवकाला ज्यू झाल्याबद्दल जाळण्यात आले. दारात आलेल्या माणसाला आत घेतले तर अख्खी आळी जळेल, अशा भीतीत ज्या समाजाने हजार-दीड हजार वर्षे काढली त्याने हाक मारणे सोडले, यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, भीतीने लागलेली सवय पुढे तत्त्व म्हणून मिरवली तर तिला तत्त्व म्हणावे काय? मला वाटते म्हणावे, पण तत्त्वासारखी तिची परीक्षाही घ्यावी.

परीक्षा कोणती, ते ज्यू ग्रंथांनीच सांगून ठेवले आहे. तालमूदमध्ये ज्यू होऊ इच्छिणारा माणूस आला तर काय करावे याची रीत दिली आहे. ती वाचताना मी चमकलो. त्याला पहिला प्रश्न असा विचारायचा: तुला असे काय दिसले की तू इकडे यावेस? आमचे लोक पिडलेले, हाकललेले आहेत हे तुला ठाऊक नाही काय? म्हणजे मास्तरांचा "कशाला?" हा त्यांचा तुसडेपणा नव्हता, जवळजवळ दीड हजार वर्षांची ती रीत होती. मास्तरांना ती ग्रंथातून माहीत होती की रक्तातून, कोण जाणे. आणि रीत तिथे संपत नाही. आलेला माणूस जर म्हणाला, मला ठाऊक आहे आणि माझी तेवढी योग्यता नाही, तर त्याला ताबडतोब स्वीकारायचे. काही हलक्या आज्ञा सांगायच्या, काही जड; फार बोलून त्याला घाबरवायचे नाही. मी जे उत्तर समजून परत फिरलो, तो प्रश्न होता!

शम्माय आणि हिल्लेल यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. एका पायावर उभा आहे तोवर मला सगळा धर्म शिकवा, असे म्हणणाऱ्या परक्याला शम्मायने हातातल्या गजाने हाकलले. हिल्लेलने त्याला, तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, एवढे सांगून बाकीचे शिकायला पाठवले. ही गोष्ट सांगणारे हिल्लेलचे कौतुक करतात आणि थांबतात. पण शम्मायही त्या परंपरेतलाच आहे, आणि त्याचे वंशज थोडे नाहीत. बाराव्या शतकात स्पेनमधला कवी यहूदा हलेवी याने खजरांचा राजा ज्यू कसा झाला यावर एक संवादग्रंथ लिहिला. परक्याच्या धर्मांतराचीच ती कथा. पण तीत तो म्हणतो की, बाहेरून आलेला माणूस जन्मजात ज्यूच्या बरोबरीला येत नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मायमोनिडीसला ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने पत्राने विचारले, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे शब्द येतात, ते मी म्हणू की गाळू? माझे पूर्वज तर दुसरेच होते. मायमोनिडीसने कळवले की, एक अक्षरही गाळू नकोस. अब्राहामाच्या वाटेने जो येतो त्याचा अब्राहाम बाप आहे, आणि तुझ्यात व आमच्यात काहीही भेद नाही. या ओबद्याला त्याच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हणून दुखावले होते. मायमोनिडीसने त्या गुरूलाच खडसावले आहे. धर्मांतरिताला त्याच्या पूर्वायुष्याची आठवण देऊन टोचू नये, असा तालमूदचा स्पष्ट दंडक आहे. शिवाय रूथ आहेच: सासूने पुनःपुन्हा परत जा म्हटले तरी न गेलेली मवाबी सून, आणि दाविद राजाची पणजी.

तेव्हा मला कसोटी सापडली ती अशी. जो धर्म हाक मारत नाही, त्याची थोरवी तो बाहेरच्यांना किती स्वस्थ बसू देतो यावर ठरत नाही. न बोलावता जो आला, त्याला आल्यावर पाटावर बसवतात की उंबऱ्यावर, यावर ठरते. उंबऱ्यावरच बसवणार असतील, तर बाहेरच्याविषयीचा तो आदर म्हणजे केवळ जन्माचा अभिमान, सभ्य आवाजात बोललेला.

आणि इथे मला आमच्या आळीकडे परत यावे लागते. बेने इस्रायलांची आख्यायिका अशी की, नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते कोकणात तेली झाले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवले. हिब्रू विसरले, पण 'शमा' ही प्रार्थना, सुंता आणि शब्बाथ विसरले नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशन आणि स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी त्यांना ख्रिस्ती करण्याच्या आशेने शाळा काढल्या, हिब्रू शिकवले, मराठीत बायबल दिले. आणि ही माणसे त्यामुळे अधिकच पक्की ज्यू झाली! ज्यांना ओढायचे होते त्यांच्या हाती मिशनऱ्यांनी आपणच खुंटा दिला. पण याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. ज्यांच्या आजी-पणजीकडे परक्या रक्ताचा संशय, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही. मायमोनिडीस म्हणाला होता भेद नाही; कोकणात आमच्या शेजाराने त्यांना भेद शिकवला होता.

मग नियतीने तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. १९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या मंडळाने सूचना काढली की, बेने इस्रायल वराचे वा वधूचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आई, आजी आणि तिच्याही मागे जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करावी. रब्बींचीही एक अडचण होती. काडीमोडाचे ज्यू नियम कोकणात कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा संततीच्या शुद्धतेबद्दल शास्त्रात प्रश्न उभा राहत होता. शास्त्राची अडचण मला कळते. पण शतकानुशतके ज्यांनी कोणी न सांगता शनिवार पाळला त्यांना, तुम्ही आमचे कशावरून, असे विचारणे हे कोणत्या शास्त्रात बसते?

१९६३ च्या पावसाळ्यात मास्तरांच्या धाकट्या मुलीचे पत्र आले. तिचे लग्न अडले होते. आईकडच्या पणजीचे नाव आणि ती ज्यू म्हणून पुरली गेल्याचा काही दाखला तिला हवा होता. मास्तरांना गुडघ्यांमुळे चालवत नव्हते. मी वही घेऊन कबरस्तानात गेलो. थडग्यांवर वर हिब्रू आणि खाली मराठी. शेवाळ खरवडून मी खालची अक्षरे उतरून घेतली, वरची चित्रासारखी काढली. तिथे उभे असताना माझ्या मनात आले की, तीन वर्षांपूर्वी मी याच लोकांत शिरायला निघालो होतो, आणि आज हीच माणसे आपण आत आहोत याचा पुरावा दगडांतून गोळा करीत आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात जेरुसलेमला बेने इस्रायलांनी धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे घोषित केले, आणि रब्बींनी सूचनेतून त्यांचे नाव काढले. मुलीचे लग्न झाले.

हे लिहिताना आपण हिंदूंनी बाजूला उभे राहून मान हलवावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. आम्ही कोणाला बाटवीत नाही, हे वाक्य मी घरात अभिमानाने ऐकत वाढलो. कोणी आमच्यात यायचे म्हटले तर त्याला कोणत्या जातीत घालायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. ज्यू धर्मात निदान तालमूदने एक दार लिहून ठेवले आहे, त्याला प्रश्नाची कडी आहे आणि ती आतून काढता येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर जे लाखो लोक बाहेर पडले त्यांना आम्ही "कशाला?" असे विचारलेसुद्धा नव्हते. उत्तर ठाऊक होते ना!

थडग्यावरचा मजकूर मी मास्तरांना नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. हिब्रूतले एक अक्षर मी उलटे काढले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. पाकीट चिकटवताना म्हणाले, "तू त्या दिवशी विचारलेस, ते मग पुन्हा विचारले नाहीस." मी म्हणालो, "तुम्हीच कशाला म्हणालात." ते हसले. "अरे, मग सांगायचे होतेस," म्हणाले, आणि छत्री शोधू लागले. पोस्टात टाकायला मी जातो म्हटले, पण ऐकले नाही. त्या गुडघ्यांनी, भर पावसात, आपणच गेले.